शिरवाळे : रुचि, बल आणि मात्रा

कोणत्याही अन्नाची परीक्षा केवळ जिभेनें होत नाहीं. तें बल किती देतें आणि कोणास किती मात्रेंत पथ्यकर होतें, हेंहि पाहावें लागतें. दक्षिण कोकणांतील शिरवाळ्यांचा विचार या दृष्टीनें करूं.

तांदुळाच्या पिठाची उकड काढून तिचे मुटके वळावयाचे, ते उकळत्या पाण्यांत शिजवावयाचे आणि गरम असतांनाच लांकडी साच्यांतून दाबून शेवया पाडावयाच्या. नारळाच्या दुधांत गूळ व वेलची घालून केलेल्या रसाबरोबर त्या खातात. मुटका निवला कीं साचा हलत नाहीं. म्हणून हें एकट्या सुनेचें काम नव्हे, घरांतील धडधाकट पुरुषांनींहि हात लावावा.

१०० ग्रॅम तांदुळांत सुमारें ३५० कॅलरी व सुमारें ७ ग्रॅम प्रथिनें असतात. शक्ति भरपूर, परंतु या प्रथिनांत लायसिन हा आवश्यक घटक उणा. कडधान्यांत तो विपुल असतो, आणि त्यांतील मेथिओनिनची उणीव तांदूळ भरून काढतो. तेव्हां वाढत्या मुलांच्या पानांत शिरवाळ्यांबरोबर काळ्या वाटाण्यांची उसळ अवश्य वाढावी. ज्यांस गव्हांतील ग्लूटेन सोसत नाहीं, त्यांस तर हें पक्वान्न निर्धास्त आहे.

तांदूळ अति सडूं नये, हेंहि ध्यानांत ठेवावें. जावा बेटांत १८९० नंतरच्या दशकांत डच वैद्य क्रिस्तियान आइकमन यांस असें आढळलें कीं, सडलेल्या तांदुळावर पोसलेल्या कोंबड्यांस बेरीबेरीसारखा रोग जडतो व कोंडा दिल्यानें तो बरा होतो. पुढें १९२९ सालीं त्यांस नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. कोंड्याबरोबर ‘ब’ वर्गांतील जीवनसत्त्व जातें, हें त्याचें कारण.

आतां रसाविषयीं. “गूळच तो, साखर थोडीच आहे!” असें म्हणून मधुमेही वडीलधाऱ्यांस दुसरी वाटी आग्रहानें वाढली जाते. हा आग्रह घातक होय. गुळांत थोडे क्षार असले तरी त्याचा बहुतांश भाग साखरच आहे. शिवाय तांदुळाचें पिष्टहि पोटांत साखरच होतें. नारळाच्या दुधांतील स्निग्धांश बहुतांशीं संपृक्त असल्यानें हृद्रोग्यांनींहि हात आंखडता घ्यावा. अशांच्या पानांत शिरवाळे थोडे, रस नाममात्र आणि उसळ अधिक असावी.

एकाच पंक्तींत नातवास जें पोषक तेंच आजोबांस अपायकारक होऊं शकतें. तेव्हां गृहिणींनीं पक्वान्न सर्वांसाठीं एक करावें. वाढतांना मात्र ज्याचें त्याचें पान पाहावें.