प्रा. कोसंबी आणि अभाज्य संख्या

सायंकाळी पुण्याकडे निघालेली डेक्कन क्वीन आपल्या कर्जत स्थानकात थांबते. बोरघाट चढण्यासाठी तिला मागून इंजिने जोडतात. या गाडीने अनेक वर्षे ये-जा करणारे एक प्रवासी म्हणजे प्रा. दामोदर धर्मानंद कोसंबी. बौद्ध विद्येचे पंडित धर्मानंद कोसंबी यांचे हे पुत्र. वाचकांस ते इतिहासकार म्हणून परिचित आहेत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मात्र ते गणिताचे प्राध्यापक होते.

रीमान या जर्मन गणितज्ञाने १८५९ मध्ये मांडलेल्या अनुमानाने त्यांना झपाटले होते. २, ३, ५, ७, ११ या अभाज्य संख्या विस्कळीत भासतात. तरी १० लाखांपर्यंत त्या किती, याचा सूत्राने येणारा अंदाज ७८,६२८ आणि प्रत्यक्ष संख्या ७८,४९८; तफावत अवघी १३०. कितीही पुढे गेले तरी ही तफावत साधारणपणे वर्गमुळाच्याच (येथे १,०००) मापात राहते, हे त्या अनुमानाचे सार.

कोसंबींनी १९५८-५९ च्या सुमारास संभाव्यताशास्त्राच्या वाटेने त्याची सिद्धता मांडली, तीही कृषी-सांख्यिकीच्या नियतकालिकात! गणितज्ञांनी ती स्वीकारली नाही. नाणे हजार वेळा उडवले तर निम्म्याच्या आसपास छापे ‘बहुधा’ येतील, एवढेच संभाव्यता सांगते. अभाज्य संख्यांची मालिका तर एकच, कायमची ठरलेली. तिच्याविषयी ‘बहुधा’ पुरत नाही. माझ्या मते त्यांची दिशा चुकली नव्हती, दावा घाईचा होता.

१९६२ मध्ये त्यांनी संस्था सोडली. पुढे ‘एस. ड्यूक्रे’ या टोपणनावानेही ते अभाज्य संख्यांवर लिहीत राहिले. १९६६ मध्ये ते निवर्तले. रीमानचे अनुमान अद्याप असिद्धच आहे.