लालबागचे छत आणि गिरणीची झांकी

'लालबाग' हा शब्द कानी पडताच मुंबईकर वाचकाच्या मनश्चक्षूंपुढे गिरणगाव उभे राहते. इंदूरच्या मराठी माणसास मात्र त्या नावाने खान नदीच्या काठचा होळकरांचा राजवाडा आठवतो. तथापि इंदूरलाही स्वतःचे गिरणगाव होते, आणि या राजवाड्याच्या जोडीने त्याचा विचार केल्यास आपल्या कलावारशाविषयी एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते.

१८८६ पासून १९२१ पर्यंत होळकरांच्या तीन पिढ्यांच्या काळात लालबागचे बांधकाम चालले. तेथील छतांवर ग्रीक पुराणकथांतील देवदेवता रंगविलेल्या आहेत. खाली इटालियन संगमरवर आणि बाहेर बकिंगहॅम राजवाड्याच्या धर्तीचे द्वार! घर मराठी राजाचे, परंतु चित्रे परदेशी अभिरुचीची. ही चित्रे सुंदर आहेत, हे आम्ही नाकारीत नाही. मात्र ती ज्यांच्या करांतून उभी राहिली, त्या प्रजेसाठी ती नव्हती, एवढेच आमचे म्हणणे आहे.

त्याच काळात शहराच्या दुसऱ्या बाजूस मालवा मिल, हुकुमचंद मिल, स्वदेशी मिल, राजकुमार मिल, कल्याणमल मिल यांची धुराडी उभी राहत होती. होळकरांच्या फौजेबरोबर माळव्यात आलेली मराठी घराणी येथे पूर्वीच रुजली होती. आता पोटापाण्यासाठी निरनिराळ्या प्रांतांतून माणसे आली. पंढरपुरात जन्मलेले मकबूल फिदा हुसेन यांचे बालपणही याच शहरात गेले. त्यांचे वडील येथल्या एका कापडगिरणीत नोकरीस होते. दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी १९२७ साली येथे कलाशाळा सुरू केली. तीतून नारायण श्रीधर बेंद्रे, विष्णू चिंचाळकर यांच्यासारखे चित्रकार घडले.

परंतु गिरणीकामगाराची खरी चित्रशाळा निराळीच होती. मराठी कुटुंबांनी आणलेला गणेशोत्सव गिरण्यांच्या आवारात शिरला आणि त्यातून अनंत चतुर्दशीच्या झांक्या जन्मास आल्या. झांकी म्हणजे गाडीवर उभारलेला, हालता-बोलता पुराणप्रसंग. लाकूड, कापड, कागद, रंग, दिवे, आणि पुतळ्यांस हलविणारी यांत्रिक युक्ती! दिवसा यंत्रावर राबणारा कामगार रात्री त्याच यंत्रविद्येने रावणाची मान फिरवी. ज्या गावातून तो आला तेथील भाषा निराळी असली, तरी झांकीपुढे सारे एकच होत. रात्रभर मिरवणूक चाले आणि सारे शहर रस्त्यावर लोटे. भिंतीवरचे चित्र पाहण्यासाठी राजवाड्यात जावे लागते. हे चित्र मात्र स्वतःच दारी येई.

पुढे गिरण्यांचे दिवस फिरले. मुंबईत १९८२ च्या संपानंतर जे झाले, ते इंदुरातही घडले. हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली आणि तेथील हजारो कामगारांच्या थकलेल्या देण्यांचा निकाल लागून रक्कम हाती पडण्यास २०२३ चा डिसेंबर उजाडावा लागला. या बत्तीस वर्षांत कित्येक कामगार निवर्तले. तरी वर्गणी गोळा करून आणि सार्वजनिक संस्थांचे साहाय्य घेऊन झांक्या निघतच राहिल्या. गिरणी गेली, पण गिरणीचे नाव झांकीवर राहिले. यास आम्ही केवळ उत्सवप्रियता म्हणणार नाही. आपण येथे होतो, हे सांगण्याची ती रीत आहे.

लालबाग आज शासनाच्या ताब्यात जतन केलेली वास्तू आहे. झांकीस मात्र छत नाही, भिंत नाही. ती मोडली जाते आणि पुढल्या वर्षी पुन्हा उभी राहते. तिचे ज्ञान वृद्ध कारागिरांच्या बोटांत आहे आणि ती बोटे थकत चालली आहेत. म्हणून आमची शिक्षकांस विनंती आहे की, विद्यार्थ्यांना राजवाड्याची सहल घडविताना गिरणीच्या वस्तीतही न्यावे, एखाद्या जुन्या कामगारास बोलते करावे आणि त्याच्या तोंडचे मराठी, हिंदी व माळवी शब्द टिपून ठेवावेत. साहित्य अकादमीच्या दप्तरात ते शब्द आले नाहीत, तर पुढील पिढीस इंदूरचा वारसा फक्त छतावरच दिसेल.