लैंगिक छळ : ओळख, तक्रार आणि चौकशी

कार्यालयात किंवा महाविद्यालयाच्या आवारात स्त्रियांना जो उपद्रव सोसावा लागतो, त्यास आपल्याकडे दीर्घकाळ ‘छेडछाड’ हा सौम्य शब्द वापरला गेला. शब्दच असा की, ऐकणाऱ्यास त्यात थट्टा दिसावी आणि तक्रार करणारी स्त्रीच अरसिक ठरावी. कायद्याने या वर्तनास ‘लैंगिक छळ’ असे स्पष्ट नाव दिले आहे. कार्यालयप्रमुख, प्राचार्य, महिला कर्मचारी व विद्यार्थिनी या सर्वांनी ते नाव आणि त्यामागील अर्थ नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

या कायद्याचे मूळ राजस्थानातील एका घटनेत आहे. तेथील शासनाच्या महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’ म्हणून काम करणाऱ्या भंवरी देवी यांनी १९९२ मध्ये भटेरी गावातील एक बालविवाह थांबविण्याचा प्रयत्न केला. ते त्यांचे नेमून दिलेले काम होते. त्याचा सूड म्हणून त्यांच्यावर सामूहिक अत्याचार झाला. या प्रकरणानंतर महिला संघटनांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली आणि १३ ऑगस्ट १९९७ रोजी ‘विशाखा’ निर्णय झाला. सुरक्षित वातावरणात काम करता येणे हा स्त्रीच्या मूलभूत हक्कांचा भाग आहे, असे सांगून न्यायालयाने मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. त्यांचे अधिनियमात रूपांतर होण्यास मात्र सोळा वर्षे लागली. २०१३ चा अधिनियम त्या वर्षीच्या ९ डिसेंबरपासून अंमलात आला.

छळ ओळखावा कसा? शारीरिक स्पर्श वा लगट, शरीरसंबंधाची मागणी, लैंगिक अर्थाचे शेरे, अश्लील चित्रे दाखविणे आणि याच स्वरूपाचे अन्य कोणतेही शारीरिक, वाचिक वा मूक वर्तन अधिनियमाच्या व्याख्येत येते. अट एकच, ते वर्तन त्या स्त्रीला नकोसे असले पाहिजे. करणाऱ्याने ते गमतीने केले की कसे, हा प्रश्न येथे दुय्यम होय. स्पर्श झालाच पाहिजे असेही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्येच स्पष्ट केले आहे. वरिष्ठ अधिकारी काम संपल्यावरही एखादीला विनाकारण थांबवून घेतो, प्रबंधाचा मार्गदर्शक रात्री-अपरात्री भ्रमणध्वनीवर खासगी संदेश धाडतो, बढतीची आशा किंवा अंतर्गत गुण कापण्याची भीती सूचकपणे दाखविली जाते. अशा प्रसंगी स्त्री बहुधा गप्प राहते. तिच्या मौनास संमती समजणारे एक गोष्ट विसरतात, ती ही की, तिचा गोपनीय अहवाल किंवा तिचा प्रबंध त्याच माणसाच्या हाती असतो.

कामाचे ठिकाण म्हणजे केवळ कार्यालयाच्या चार भिंती नव्हेत. कामानिमित्त जेथे जावे लागते ती जागा, नियोक्त्याने पुरविलेले वाहन, इतकेच नव्हे तर घरकामासाठी जाणाऱ्या बाईच्या दृष्टीने ते घरही त्यात येते.

दहा किंवा अधिक व्यक्ती काम करतात अशा प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असणे सक्तीचे आहे. अध्यक्षस्थानी वरिष्ठ महिला, किमान निम्म्या सदस्य महिला आणि एक सदस्य बाहेरचा, अशी तिची रचना आहे. समिती न नेमणाऱ्या नियोक्त्यास ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनुसार कुलगुरू, कुलसचिव, विभागप्रमुख यांसारख्या अधिकाऱ्यांना या समितीचे सदस्य होता येत नाही, आणि प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असल्यास विद्यार्थी प्रतिनिधीही समितीत घ्यावे लागतात. जेथे दहापेक्षा कमी माणसे आहेत, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध आहे, तेथे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जावे.

समिती कागदावर असणे निराळे आणि तिला चौकशी करता येणे निराळे. गोवा विद्यापीठात २००९ मध्ये विद्यार्थिनींनी एका प्राध्यापकाविरुद्ध तक्रारी केल्या. समितीने सुनावण्या एकामागून एक उरकल्या, प्राध्यापकास बाजू मांडण्यास पुरेसा अवधी दिला नाही आणि त्यास सेवेतून दूर करण्यात आले. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही कारवाई रद्द ठरविली व प्रकरण पुन्हा समितीकडे पाठविले. आरोप खरे की खोटे, यात न्यायालय गेलेच नाही. तक्रारदारांना लवकर न्याय मिळावा या सदिच्छेने केलेली घाई त्यांच्याच अधिक अहितास कारण झाली, असे न्यायालयाने नमूद केले. चौदा वर्षांनंतर त्या मुलींच्या वाट्यास पुन्हा चौकशीच आली. समितीच्या सदस्यांना कार्यपद्धतीचे प्रशिक्षण का द्यावे, याचे याहून बोलके उदाहरण नाही. ‘आमच्याकडे समिती आहे’ एवढ्यावर समाधान मानणाऱ्या आस्थापनांनी ते अवश्य अभ्यासावे.

तक्रार लेखी स्वरूपात, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत द्यावयाची असते. सबळ कारण असल्यास समिती आणखी तीन महिने मुदत वाढवू शकते. लिहिणे शक्य नसल्यास समितीनेच साहाय्य करावयाचे आहे. तारीख, वेळ, स्थळ व साक्षीदार यांची टिपणे त्याच दिवशी करून ठेवावीत, आलेले संदेश पुसून टाकू नयेत. तक्रारीची प्रत सात कामकाजाच्या दिवसांत प्रतिवादीस पाठविली जाते व त्यास उत्तरासाठी दहा कामकाजाचे दिवस मिळतात. चौकशी नव्वद दिवसांत पुरी व्हावी लागते. दोन्ही बाजूंना वकील देता येत नाही. चौकशी चालू असता तक्रारदार स्त्रीस तीन महिन्यांपर्यंत जादा रजा किंवा बदली मागता येते, आणि तिचा गोपनीय अहवाल प्रतिवादीऐवजी दुसऱ्या अधिकाऱ्याकडून लिहवून घेता येतो. अहवाल मिळाल्यावर नियोक्त्याने साठ दिवसांत कारवाई करावयाची असते. पोलिसांत जाण्याचा मार्ग स्वतंत्रपणे खुला असतोच. १ जुलै २०२४ पासून त्यासाठी भारतीय न्याय संहितेचे कलम ७५ लागू आहे.

खोट्या तक्रारींची भीती पुष्कळ बोलून दाखविली जाते. हेतुपुरस्सर खोटी तक्रार केल्यास कारवाईची तरतूद आहे. परंतु केवळ पुरावा देता आला नाही म्हणून तक्रार खोटी ठरत नाही, असे अधिनियमातच म्हटले आहे. तक्रारदार, प्रतिवादी व साक्षीदार यांची नावे गुप्त ठेवणे सर्वांवर बंधनकारक असून माहितीच्या अधिकाराखालीही ती उघड करता येत नाहीत.