फेऱ्या कमी करा, वेग आपोआप येईल

पेडणे तालुक्यातल्या केरीत बसून पणजीच्या किंवा मुंबईच्या कचेरीचे काम करणे आता नवलाचे राहिलेले नाही. पण हिशेब, मालाचा साठा, ग्राहकांच्या नोंदी ज्यात आहेत तो कचेरीचा सामायिक डेटाबेस घरून उघडला की कर्मचारी हैराण होतो. कचेरीत चटकन दिसणारे बिल घरी अर्धा अर्धा मिनिट घेते. मग मालक इंटरनेटचा प्लॅन वाढवून देतो आणि तक्रार कायम राहते. माझ्या मते हा खर्च बहुधा वाया जातो, कारण खोट नेटमध्ये कमी आणि कामाच्या मांडणीत जास्त असते.

लहान कचेऱ्यांत अजूनही मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेससारखी, १९९२ साली बाजारात आलेली प्रणाली चालते. तिच्यात डेटाबेस म्हणजे कचेरीतल्या संगणकावर ठेवलेली एक फाइल. शोधण्याचे आणि जुळवण्याचे काम मात्र कर्मचाऱ्याचा संगणक करतो. त्यासाठी तो फाइलचे तुकडे एकामागून एक मागवतो. एक आला की पुढचा. समजा, एक बिल उघडायला अशा ५०० फेऱ्या लागतात. कचेरीच्या आतल्या जाळ्यात एका फेरीला अर्धा मिलिसेकंद धरला, तर सगळे पाव सेकंदात उरकते. घरून व्हीपीएनमार्गे, म्हणजे कचेरीच्या जाळ्यात नेणाऱ्या सुरक्षित वाटेने, तीच फेरी ६० मिलिसेकंदांची झाली, तर तब्बल ३० सेकंद जातात. प्लॅन दुप्पट केल्याने एका वेळी जास्त माहिती येईल, पण फेरीचा वेळ तसाच राहील. केरी-तेरेखोल फेरीबोट मोठी केली तर जास्त गाड्या मावतील. नदी ओलांडायला लागणारा वेळ त्याने कमी होत नाही.

म्हणून माहिती कर्मचाऱ्याकडे ओढून आणण्याऐवजी काम माहितीपाशी न्यावे. संगणकशास्त्रज्ञ जिम ग्रे यांनी २००३ मध्ये खर्चाचा हिशेब मांडून हेच सांगितले होते. गोव्यातल्या जमीनमालकांना याचा अनुभव आहेच. एक-चौदाचा उतारा ऑनलाइन पाहताना आपण तालुका, गाव, सर्व्हे क्रमांक आणि पोटविभाग भरतो. शोध सरकारी सर्व्हरवर होतो, आपल्याकडे येते ते एकच पान. साऱ्या पेडण्याच्या नोंदी कुणाच्या मोबाइलवर उतरत नाहीत. कचेरीलाही हे जमते. पोस्टग्रेएसक्यूएल, मायएसक्यूएल यांसारखे डेटाबेस सर्व्हरवरच शोध घेऊन फक्त उत्तर पाठवतात. तूर्त प्रणाली बदलणे शक्य नसेल, तर रिमोट डेस्कटॉप वापरावा. त्यात प्रोग्राम कचेरीतच चालतो, घरी फक्त पडद्याचे चित्र येते. मात्र जुन्या प्रोग्रामची फाइल तेवढी नव्या सर्व्हरवर हलवून भागत नाही. पडदा उघडताच सगळी यादी मागवणारा प्रोग्राम तिथेही रखडेल. हवी तेवढीच नोंद मागेल असा तो सुधारावा लागतो.

यावर काही आक्षेप येतात. पहिला खर्चाचा. पण वर सांगितलेले दोन्ही डेटाबेस विनामूल्य मिळतात. पैसे लागतात ते प्रोग्राम सुधारणाऱ्याच्या मेहनतीचे, आणि ते एकदाच मोजावे लागतात. दुसरा, फाइल गूगल ड्राइव्हवर टाकून का चालवू नये? कारण दोघांनी एकाच वेळी नोंद केली की दोन प्रती तयार होतात आणि खरी कोणती हे कुणालाच सांगता येत नाही. तिसरा, पावसात वीज किंवा नेट गेले तर? तेव्हा तर फाइलवाली पद्धत सर्वांत धोक्याची, कारण मधेच संपर्क तुटला की फाइलच बिघडू शकते. सर्व्हरवरचा डेटाबेस अर्धवट व्यवहार रद्द करून पूर्वस्थितीवर येतो. चौथा आक्षेप सुरक्षेचा आणि तो रास्त आहे. रिमोट डेस्कटॉप थेट इंटरनेटवर उघडा ठेवणे म्हणजे खंडणीखोर हॅकरांना आमंत्रण. तो व्हीपीएनच्या आतच हवा, पासवर्डच्या जोडीला दुसरी ओळखखूण हवी आणि ज्याला जेवढे लागते तेवढेच त्याला दिसायला हवे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही ग्राहकांची माहिती जपण्याची जबाबदारी कचेरीवरच टाकली आहे.

गावात राहून चांगली नोकरी करता यावी, असे आपल्याला मनापासून वाटत असेल, तर त्या कर्मचाऱ्याचा वेळ पडद्याकडे बघत वाया जाता कामा नये. तेव्हा मालकांनो, पुढचा प्लॅन घेण्याआधी तुमच्या तंत्रज्ञाला एवढेच विचारा: आपले एक बिल उघडायला किती फेऱ्या लागतात?