सकाळचं ऊन आणि दुपारचं ऊन: रोपट्याचा हिशेब

जितकं ऊन जास्त, तितकं प्रकाशसंश्लेषण जास्त, असं आपण शाळेपासून धरून चालतो. मग नवतपा लागला की नागपुरातल्या झाडांची चंगळच व्हायला हवी! होतं मात्र उलटं.

आपल्याकडे 26 मेच्या सुमारास सूर्य अगदी डोक्यावर येतो, तोही बाराला नाही, तर बारा वाजून दहा मिनिटांच्या आसपास. म्हणजे सकाळी नऊचं ऊन आणि दुपारी सव्वातीनचं ऊन जवळपास सारखंच तिरपं. प्रकाश तेवढाच. तरी सागाच्या रोपट्याचं एकच पान दोन्ही वेळा तपासलं, तर दुपारची कमाई बरीच कमी भरते. प्रकाश तोच असेल, तर बदललं काय?

हवा. पानाला कार्बन डायऑक्साइड आत घ्यायचा तर पर्णरंध्रं उघडावी लागतात, आणि दार उघडलं की पाणी बाहेर जातंच. कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू कमावताना पाण्याचे काहीशे रेणू गमवावे लागतात. (सौदा महागडाच आहे.) समजा, सकाळी 35 अंश तापमान आणि 35 टक्के आर्द्रता आहे, दुपारी 44 अंश आणि 15 टक्के. गणित केलं तर दुपारी हवेची पाणी ओढण्याची ताकद दुपटीहून जास्त निघते. मुळं तेवढा पुरवठा करू शकत नाहीत, म्हणून पान दारं लोटून घेतं.

दारं लोटली तरी ऊन पडतंच राहतं, खरी पंचाईत इथे आहे. कार्बन पकडणारं रुबिस्को हे विकर उष्णतेत वारंवार चुकून ऑक्सिजन पकडतं. त्यात पकडलेला थोडा कार्बनही परत जातो. वापरात न आलेला प्रकाश पानाची यंत्रणा बिघडवू शकतो. त्यामुळे पान एक पिवळं रंगद्रव्य बदलून घेतं आणि ती ऊर्जा उष्णता म्हणून सोडून देतं. हे बचावाचं काम आहे. संध्याकाळी, रात्री बरंचसं पूर्ववत होतं. पण रोज ताण वाढत गेला तर पूर्ण भरपाई होत नाही.

मोठ्या झाडाची मुळं खोल ओलीपर्यंत पोचलेली असतात. रोपट्याची वरच्याच थरात, आणि आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. जंगलात ते निदान मोठ्या झाडांच्या सावलीत वाढतं. नंदनवनच्या रस्त्याकडेला ट्रीगार्डमधल्या रोपाला खालून डांबरही तापवतं. म्हणून त्याची दारं लवकर बंद होतात, आणि दिवसाची बरीचशी कमाई सकाळच्या काही तासांतच उरकावी लागते.

2019 मध्ये राज्यात 33 कोटी झाडं लावायचं उद्दिष्ट होतं. असे आकडे लावलेली रोपं मोजतात. पहिल्या उन्हाळ्यात रोप दुपारी दोनला काय करत असतं, ते त्यात येत नाही. मला तरी तोच भाग महत्त्वाचा वाटतो.

तुमच्या दारापुढे असं रोप असेल, तर पाणी संध्याकाळी घाला, म्हणजे रात्रभरात ते मुळांतून वर चढतं आणि सकाळी पान भरलेलं असतं. बुंध्याशी पालापाचोळा पसरा. आणि हिरवी जाळी बांधायचीच असेल तर पश्चिमेला बांधा, पूर्वेची बाजू मोकळी ठेवा.