घटस्फोटाच्या दाव्यातील कौटुंबिक हिंसाचार आणि संरक्षण आदेश : वडीगोद्री परिसराच्या संदर्भात एक अभ्यास

बीजसंज्ञा : कौटुंबिक हिंसाचार, संरक्षण आदेश, मनाई हुकूम, घटस्फोट, पोटगी, स्थलांतर.

प्रस्तावना :

घटस्फोटाचा दावा दाखल झाला म्हणजे पती-पत्नीतील भांडण न्यायालयात गेले आणि घरातील मारहाण थांबली, असा एक समज समाजात आढळतो. वस्तुस्थिती पुष्कळदा याच्या उलट असते. दाव्याची नोटीस हाती पडल्यापासून अंतिम निकाल लागेपर्यंतचा काळ पीडित स्त्रीच्या दृष्टीने अधिक धोक्याचा ठरू शकतो. माहेरी येऊन धमकावणे, मुलांना शाळेतून परस्पर घेऊन जाणे, स्त्रीधन विकून टाकणे, साक्षीदार ठरणाऱ्या भावाला वा शेजाऱ्याला दम देणे या गोष्टी याच काळात घडतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार भारतातील १८ ते ४९ वयोगटातील विवाह झालेल्या स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसाचार अनुभवल्याचे सांगितले. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे एक चतुर्थांश आहे.

घटस्फोटाचा निकाल वैवाहिक नात्याविषयी असतो, तर संरक्षण आदेश स्त्रीच्या आजच्या सुरक्षिततेविषयी असतो. पहिल्याची वाट पाहत दुसरा लांबणीवर टाकण्याची कायद्याने कोठेही सक्ती केलेली नाही. प्रस्तुत लेखात याच मुद्द्याचे विवेचन केले आहे.

उद्दिष्टे :

१) संरक्षण आदेशाचे कायदेशीर स्वरूप स्पष्ट करणे.
२) घटस्फोटाचा दावा व संरक्षण आदेश यांचा परस्परसंबंध तपासणे.
३) वडीगोद्रीसारख्या ग्रामीण व स्थलांतरप्रवण परिसरात या तरतुदींचा उपयोग कसा होऊ शकतो, याचा विचार करणे.

अभ्यासपद्धती :

प्रस्तुत लेखासाठी विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून अधिनियमातील तरतुदी व न्यायनिर्णय यांचा आधार घेतला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

विवाहसंबंधात न्यायालयाचा हुकूम कोणाविरुद्ध निघतो, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. दादाजी भिकाजी यांनी १८८४ मध्ये रखमाबाईंविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात वैवाहिक हक्कांच्या पुनर्स्थापनेचा दावा दाखल केला. १८८७ मध्ये न्यायालयाने पतीकडे नांदायला जावे अन्यथा सहा महिने कारावास भोगावा, असा निर्णय दिला. रखमाबाईंनी नांदण्यास नकार दिला आणि १८८८ मध्ये प्रकरण तडजोडीने मिटले. त्या काळी हुकूम स्त्रीविरुद्ध होता आणि तो मोडल्यास तुरुंग तिच्या वाट्याला येणार होता. २००५ च्या अधिनियमाने ही दिशा पालटली.

मधल्या काळात अनेक टप्पे येऊन गेले. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ मध्ये १९७६ च्या दुरुस्तीने क्रूरता हे घटस्फोटाचे कारण म्हणून समाविष्ट झाले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये व अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात घरगुती मारहाणीविरुद्ध मनाई हुकूम देणारे स्वतंत्र कायदे संमत झाले. भारतात १९८३ मध्ये भारतीय दंड संहितेत कलम ४९८-अ घालण्यात आले. त्याची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेतील कलम ८५ व ८६ यांनी घेतली आहे. मात्र हे कलम घडलेल्या गुन्ह्याची शिक्षा देते. उद्याची मारहाण थांबविण्याचा हुकूम त्यातून मिळत नाही. दिवाणी न्यायालयाच्या मनाई हुकुमाचा भंग झाल्यास जप्ती किंवा जास्तीत जास्त तीन महिने दिवाणी कैद एवढाच उपाय होता आणि त्यासाठीही पुन्हा अर्ज करावा लागे. ही उणीव ‘कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५’ ने भरून काढली. हा अधिनियम २६ ऑक्टोबर २००६ पासून अंमलात आला.

संरक्षण आदेशाचे स्वरूप :

अधिनियमाच्या कलम ३ मध्ये शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक तसेच आर्थिक अशा सर्व प्रकारच्या छळाचा अंतर्भाव आहे. कलम १८ खालील संरक्षण आदेशाने उत्तरवादीस पुढील गोष्टींची मनाई करता येते :

१) हिंसाचाराचे कोणतेही कृत्य करणे किंवा त्यास मदत करणे.
२) स्त्रीच्या कामाच्या ठिकाणी किंवा मुलाच्या शाळेत प्रवेश करणे.
३) प्रत्यक्ष, लेखी, दूरध्वनीवरून वा अन्य मार्गाने संपर्क साधणे.
४) स्त्रीधन, बँक खाते वा लॉकर यांची परस्पर विल्हेवाट लावणे.
५) तिला आश्रय वा मदत देणाऱ्या नातेवाइकांवर व इतरांवर हिंसा करणे.

यांपैकी शेवटचा मुद्दा ग्रामीण भागात विशेष महत्त्वाचा आहे, कारण तेथे धमकीचा पहिला रोख बहुधा माहेरच्या माणसांवर असतो. याखेरीज निवास (कलम १९), आर्थिक साहाय्य (कलम २०), मुलांचा तात्पुरता ताबा (कलम २१) व नुकसानभरपाई (कलम २२) यांचेही आदेश मिळतात. प्रकरण तातडीचे असल्यास शपथपत्राच्या आधारे एकतर्फी अंतरिम आदेश देण्याचा अधिकार कलम २३ ने दंडाधिकाऱ्यास दिला आहे. अर्जाची पहिली तारीख सामान्यतः तीन दिवसांच्या आत आणि निकाल साठ दिवसांत देण्याचा प्रयत्न व्हावा, असे कलम १२ सांगते.

संरक्षण आदेश ही शिक्षा नव्हे. ‘केस केली तर नवरा तुरुंगात जाईल’ या भीतीने अनेक स्त्रिया मागे फिरतात. प्रत्यक्षात आदेश पाळणाऱ्या पतीस तुरुंगाचे कारण उरत नाही. आदेशाचा भंग केला तरच कलम ३१ नुसार एक वर्षापर्यंत कारावास, वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात, आणि हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे. उत्तरवादीलाही परिस्थिती बदलल्यास आदेशात फेरफार मागण्याचा (कलम २५) व तीस दिवसांत सत्र न्यायालयात अपील करण्याचा (कलम २९) हक्क आहे.

घटस्फोटाचा दावा आणि संरक्षण आदेश :

या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे कलम २६ होय. कलम १८ ते २२ मधील कोणताही आदेश दिवाणी, कुटुंब वा फौजदारी न्यायालयातील चालू प्रकरणातही मागता येतो. म्हणजेच पतीने घटस्फोटाचा दावा लावला असेल, तर त्याच दाव्यात पत्नी संरक्षण आदेशासाठी अर्ज करू शकते. अन्य न्यायालयातून असा आदेश मिळाला असल्यास तो दंडाधिकाऱ्यास कळविण्याचे बंधन मात्र तिच्यावर आहे.

पोटगीच्या बाबतीतही हेच तत्त्व लागू पडते. नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या रजनेश विरुद्ध नेहा (२०२०) या प्रकरणात निरनिराळ्या कायद्यांखालील पोटगीचे अर्ज, त्यांतील वजावट आणि उत्पन्न-मालमत्तेचे शपथपत्र यांविषयी सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे घालून देण्यात आली. त्यामुळे पूर्वीची पोटगी जाहीर करून स्त्रीला दुसऱ्या कायद्याखालीही दाद मागता येते.

घटस्फोट झाल्यावर काय, हाही प्रश्न न्यायालयांपुढे आला. जुवेरिया पटणी विरुद्ध आतिफ मन्सूरी (२०१४) या निर्णयानुसार विवाह अस्तित्वात असताना झालेल्या हिंसाचाराची जबाबदारी नंतरच्या घटस्फोटाने पुसली जात नाही. सतीशचंदर आहुजा विरुद्ध स्नेहा आहुजा (२०२०) या निर्णयाने सासऱ्याच्या मालकीचे घरही सामायिक घर ठरू शकते हे मान्य केले. मुंबईच्या हिरल हरसोरा प्रकरणात (२०१६) ‘प्रौढ पुरुष’ हे शब्द रद्द झाल्याने सासू-नणंद याही उत्तरवादी होऊ शकतात. प्रभा त्यागी प्रकरणात (२०२२) संरक्षण अधिकाऱ्याचा अहवाल नसला तरी आदेश देता येतो, असे स्पष्ट झाले.

वडीगोद्री परिसराचा संदर्भ :

वडीगोद्री हे अंबड तालुक्यातील धुळे-सोलापूर राष्ट्रीय महामार्गावरचे गाव असून जालन्याहून अंबडमार्गे येणारा रस्ता येथे महामार्गास मिळतो. दक्षिणेस शहागडजवळ गोदावरी ओलांडली की बीड जिल्ह्यातील गेवराई तालुका लागतो. सोयरिकी नदीच्या दोन्ही तीरांवर जुळतात, त्यामुळे सासर एका जिल्ह्यात व माहेर दुसऱ्या जिल्ह्यात ही नित्याची बाब आहे. समजा, पतीने बीड जिल्ह्यात घटस्फोटाचा दावा लावला आणि पत्नी वडीगोद्रीस माहेरी राहत आहे. कलम २७ नुसार ती जेथे कायम किंवा तात्पुरती राहते तेथील दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येत असल्याने ती अंबड येथे दाद मागू शकते. त्यासाठी तिला नदीपलीकडील तारखांची वाट पाहण्याचे कारण नाही.

दुसरा प्रश्न स्थलांतराचा आहे. अंबड व घनसावंगी तालुक्यांतील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे जातात. मुकादमाकडून मिळणारी उचल ‘कोयत्या’वर, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीवर ठरते. त्यामुळे स्त्रीने वेगळे होणे म्हणजे कोयता मोडणे ठरते, आणि उचल फिटेपर्यंत तिने नांदावे असा दबाव दोन्ही घरांकडून येतो. अशा स्त्रीसाठी दोन तरतुदी मोलाच्या आहेत. कलम २७(२) नुसार आदेशाची अंमलबजावणी भारतात कोठेही होऊ शकते. अंबडचा आदेश फडावरच्या पोलीस ठाण्यातही तेवढाच बंधनकारक असतो. कलम २४ नुसार आदेशाची प्रत विनामूल्य मिळते. ती प्रत जवळ बाळगणे ही अशा स्त्रीच्या दृष्टीने मोठी सुरक्षितता होय.

अंमलबजावणीतील अडचणी :

अडचणींचे मूळ मुख्यतः यंत्रणेत आहे. संरक्षण अधिकाऱ्यांकडे इतर कामांचा बोजा असतो, नोटीस बजावण्यास विलंब होतो आणि साठ दिवसांची मुदत पुष्कळदा कागदावरच राहते. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जिल्हा व तालुका स्तरावर संरक्षण अधिकारी नियुक्त करण्याचे निर्देश सर्व राज्यांना दिले, यावरून अधिनियमानंतर जवळपास दोन दशकांनीही ही उणीव शिल्लक होती, हे दिसून येते.

दुसरी अडचण तडजोडीची आहे. परस्परसंमतीच्या घटस्फोटात ‘सर्व प्रकरणे मागे घ्यावीत’ ही अट बहुधा असते. वास्तविक कलम २५ नुसार संरक्षण आदेश स्त्री स्वतः तो रद्द करण्याचा अर्ज करीपर्यंत अंमलात राहतो. पोटगीची रक्कम हाती येण्यापूर्वी व हुकूमनामा होण्यापूर्वी हा आदेश सोडून दिल्यास ऐन धोक्याच्या काळात ती उघडी पडते.

निष्कर्ष व शिफारशी :

१) संरक्षण आदेश घटस्फोटाच्या निकालावर अवलंबून नाही, तो दाव्याआधी, दाव्यासोबत व विशिष्ट परिस्थितीत नंतरही मागता येतो.
२) चालू दाव्यात अर्ज करताना कलम १८ व २६ यांचा स्पष्ट उल्लेख करावा.
३) विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार स्त्रीस उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीने ही माहिती ग्रामसभा, अंगणवाडी व महाविद्यालयांमधून, विशेषतः ऊसतोडीचे स्थलांतर सुरू होण्यापूर्वी, पोहोचवावी.
४) आदेशभंगाची तक्रार घेताना पोलिसांनी ‘घरचे भांडण’ म्हणून परत न पाठविता कलम ३१ नुसार कार्यवाही करावी.
५) तडजोडीच्या वेळी संरक्षण आदेश शेवटी मागे घेण्याचा सल्ला वकिलांनी व समुपदेशकांनी द्यावा.

रखमाबाईंच्या काळी न्यायालयाचा हुकूम स्त्रीला घरात धाडण्यासाठी निघाला होता. आजचा हुकूम तिला घरात वा घराबाहेर निर्भयपणे राहता यावे यासाठी आहे. मात्र त्याचे मोल कागदावर ठरत नाही; तो मोडला गेल्यावर पोलीस ठाण्यात कोणते उत्तर मिळते, यावर ते अवलंबून असते.