साने गुरुजी : खानदेशाचे कलासंघटक

साने गुरुजींचे नाव निघाले की ‘श्यामची आई’ आठवते, डोळे पाणावतात आणि बहुतेकांचा गुरुजींशी संबंध तिथेच संपतो. ११ जून १९५० रोजी ते गेले. त्याला पाऊणशे वर्षे झाली, तरी ही ओळख फारशी बदललेली नाही. मात्र जळगाव आणि धुळे या जिल्ह्यांत, म्हणजे त्या वेळच्या पूर्व आणि पश्चिम खानदेशात त्यांनी काय केले हे क्रमाने पाहिले, तर अश्रूंपलीकडचे गुरुजी दिसू लागतात. गाणे, गोष्ट, ओवी आणि हस्तलिखित यांच्या बळावर माणसे जोडणारे आणि त्यांना कामाला लावणारे ते कलासंघटक होते. हे काम त्यांच्या कादंबऱ्यांहून मोठे आहे, असे माझे ठाम मत आहे.

१९२४मध्ये ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते रोज ‘छात्रालय’ नावाचे दैनिक हाताने लिहून काढत. वर्गातले शिकवून झाल्यावर हे जादा काम करायला त्यांना कोणी सांगितले नव्हते. खेड्यांतून आलेल्या मुलांना जगाची खबर मिळावी आणि वाचनाची गोडी लागावी, एवढ्यासाठी ते हे करत. १९३०मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले, तरी हा हात थांबला नाही. १९३२मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली. ती आज आपल्या हाती आहेत, कारण गुरुजींनी ती उतरवून घेतली. दुसऱ्याचा शब्द जपण्यासाठी स्वतःची लेखणी बाजूला ठेवणे सगळ्याच लेखकांना जमत नाही. डिसेंबर १९३६मध्ये फैजपूरला खेड्यात भरलेले काँग्रेसचे पहिले अधिवेशन झाले. तिथला मंडप आणि नगर नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या साध्या साहित्यातून उभे केले, तर गुरुजी त्यासाठी गावोगाव हिंडत होते. कला खेड्याच्या दारात येऊ शकते आणि खेड्याच्याच साहित्यातून घडू शकते, हे खानदेशाने तेव्हा पाहिले. १९३८मध्ये त्यांनी अमळनेरहून ‘काँग्रेस’ साप्ताहिक काढले आणि शेतकऱ्यांच्या, गिरणी कामगारांच्या प्रश्नांना त्यात जागा दिली.

पण माझ्या लेखी सर्वांत भक्कम पुरावा ‘स्त्री-जीवन’चा आहे. बायकांच्या तोंडच्या ओव्या गोळा करून गुरुजींनी दोन भागांत छापल्या आणि माहेर, सासर, भाऊ, लेकरू अशा विषयांनुसार त्या लावून दिल्या. जात्यावरची बाई ही कवयित्री आहे, हे त्यांनी प्रत्यक्ष संग्रहाने दाखवून दिले. त्याच काळात जळगावात बहिणाबाई चौधरी घरकाम आणि शेतकाम करता करता गाणी रचत होत्या. त्यांचे पुस्तक १९५२मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर निघाले आणि मराठी साहित्यविश्व थक्क झाले. ‘स्त्री-जीवन’ ज्यांनी मन लावून वाचले होते, त्यांना इतके थक्क व्हायचे कारण नव्हते.

यावर पहिला आक्षेप असा की, गुरुजींचे लेखन भावविवश आहे, त्यात कलात्मक संयम नाही, मग त्यांना कलेच्या क्षेत्रात एवढे स्थान कशाला? त्यांच्या कादंबऱ्यांत प्रवचन फार आहे, हे मान्यच करायला हवे. पण संघटकाचे मोल त्याच्या गद्याच्या घडणीवरून ठरवता येत नाही. त्याच्यामुळे किती जणांना आवाज मिळाला, हे पाहावे लागते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: कलेला चळवळीच्या दावणीला बांधले की तिचा प्रचार होतो. हा धोका गुरुजींना ठाऊक नव्हता असे नाही. टॉलस्टॉयचे ‘कला म्हणजे काय?’ त्यांनी मराठीत आणले होते. भावना माणसाकडून माणसाकडे पोचवते ती कला, आणि ती सर्वांना कळली पाहिजे, असे टॉलस्टॉय म्हणतो. मात्र या कसोटीच्या भरात त्याने शेक्सपिअरला आणि बीथोव्हेनच्या नवव्या सिम्फनीलाही नाकारले. गुरुजी तितके कठोर झाले नाहीत. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात ते तमिळ शिकले, तिरुक्कुरळ मराठीत आणले, रवींद्रनाथांच्या विश्वभारतीवरून भारतीय भाषांना जोडणाऱ्या आंतरभारतीचे स्वप्न पाहिले. प्रचारकाला परक्या भाषेतले काव्य शिकण्याची एवढी ओढ नसते.

त्यांच्या हयातीत आणि नंतर जे उभे राहिले, तेही पाहावे. शाहीर साबळे यांचे बालपणीचे शिक्षण अमळनेरला झाले आणि तिथेच त्यांना गुरुजींचा सहवास लाभला. गुरुजींना आदर्श मानणाऱ्या राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून वसंत बापट, लीलाधर हेगडे, निळू फुले, राम नगरकर पुढे आले. याचे सगळे श्रेय एकट्या गुरुजींना देणे त्या कलावंतांवर अन्याय ठरेल. तरीही गाणे घेऊन लोकांत जायचे ही वाट त्यांनी आधी चालून दाखवली होती.

फेब्रुवारी २०२४मध्ये अमळनेरला अखिल भारतीय आणि विद्रोही अशी दोन साहित्य संमेलने भरली. गुरुजींचे नाव भरपूर घेतले गेले. आता कामाला लागावे. २०११पासून त्यांचे साहित्य स्वामित्वहक्कातून मुक्त आहे, त्यामुळे परवानगीची अडचण नाही. बहिणाबाईंचे नाव धारण करणाऱ्या जळगावच्या विद्यापीठाने आणि धुळे-जळगावच्या महाविद्यालयांतील मराठी विभागांनी ‘स्त्री-जीवन’ची अभ्यासपूर्ण आवृत्ती हाती घ्यावी. यांतल्या कोणत्या ओव्या खानदेशात आजही गायल्या जातात, त्यांची अहिराणी आणि लेवा गणबोलीतली रूपे कोणती, हे विद्यार्थ्यांनी गावोगाव जाऊन नोंदवावे आणि ध्वनिमुद्रित करावे. ज्यांना त्या ओव्या पाठ आहेत, त्या बायका आज सत्तरी-ऐंशीत आहेत. हे काम याच वर्षी सुरू व्हायला हवे.